फुटबॉल खेळणारा वकील लॉर्ड मेयर कसा झाला?

निवडणुका लागल्या की एखादा निवृत्त क्रिकेटपटू हमखास कुठल्या तरी पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फोटोत दिसतो. मोहम्मद अझरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादहून खासदार झाले, गौतम गंभीर २०१९ मध्ये पूर्व दिल्लीतून, आणि बडोद्याचे युसूफ पठाण २०२४ मध्ये थेट पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून. लायबेरियात तर फुटबॉलपटू जॉर्ज वेया २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षच झाले. यामागचं गणित सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. चेहरा ओळखीचा असतो, म्हणून मतं पडतात.

पण फुटबॉल रांगत होतं, आंतरराष्ट्रीय सामन्यालाही कधी कधी दोनेकशेच माणसं जमत आणि वर्तमानपत्रांत खेळाडूंचे फोटो छापून येत नव्हते, तेव्हाही खेळाडू राजकारणात जात होतेच. तेही दिल्ली-लंडनच्या राजकारणात नव्हे, तर पाणी, गटारं, ट्राम आणि घरपट्टीच्या राजकारणात. तिथे ओळखीच्या चेहऱ्याचं गणित लागू पडत नाही. मग ते तिथे पोचले कसे?

याचं उत्तर शोधायला इंग्लंडमधल्या शेफिल्डचे विल्यम एडविन क्लेग फार उपयोगी पडतात. १८५२ चा जन्म, १९३२ चा मृत्यू. इंग्लंडकडून दोन सामने, मग चाळीसेक वर्षं शहराचं राजकारण, मध्ये एकदा लॉर्ड मेयरपद आणि पुढे ‘सर’ ही पदवी. त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की फुटबॉलने त्यांना राजकारणात नेलं नाही. ज्या गोष्टीने त्यांना मैदानावर नेलं, तिनेच पुढे सभागृहातही नेलं. ती गोष्ट म्हणजे मोकळा वेळ.

आधी शेफिल्ड समजून घेऊ

शेफिल्ड म्हणजे चाकू-सुऱ्या आणि पोलादाचं शहर. १८६० च्या सुमारास तिथली वस्ती दोन लाखांच्या आत होती. विसावं शतक उजाडेपर्यंत ती चार लाखांच्या आसपास गेली. भट्ट्या, धूर, धार लावणाऱ्या कारागिरांच्या खोल्या आणि डोंगरउतारावर चढत गेलेल्या घरांच्या रांगा.

याच शहरात २४ ऑक्टोबर १८५७ रोजी शेफिल्ड एफसी हा क्लब निघाला. आज चालू असलेल्या फुटबॉल क्लबांमध्ये तो जगातला सर्वांत जुना मानला जातो. तो काढणाऱ्या दोघांपैकी नॅथॅनिएल क्रेसविक वकील होते आणि विल्यम प्रेस्ट वाइनचे व्यापारी. ही दोन नावं विसरली तरी चालतील, व्यवसाय मात्र ध्यानात ठेवा. शेफिल्डवाल्यांचे खेळाचे स्वतःचे नियम होते. कॉर्नर किक, गोलच्या वरचा आडवा दांडा, नियम मोडला तर समोरच्याला फ्री किक, अशा आज आपण गृहीत धरतो त्या कितीतरी गोष्टी तिथल्या नियमांतून आल्या. १८७७ मध्ये लंडनचे आणि शेफिल्डचे नियम एक झाले.

दुसरा क्लब याहून बोलका आहे. त्याचं नाव ‘द वेन्सडे’, म्हणजे सरळ ‘बुधवार’. १८२० मध्ये काही कारागीर आणि छोट्या दुकानदारांनी तो क्रिकेटसाठी काढला, कारण त्यांना बुधवारी अर्धी सुट्टी असे. १८६७ मध्ये त्याच क्लबने हिवाळ्यासाठी फुटबॉलची शाखा काढली. आजचा शेफिल्ड वेन्सडे तो हाच. म्हणजे कोण खेळणार हे अंगातल्या कसबाच्या आधी सुट्टीच्या वारावर ठरत होतं. ज्याला सुट्टीच नाही, तो खेळणारच नाही.

विल्यम क्लेग याच वेन्सडेचे खेळाडू.

घर कसलं होतं?

वडील विल्यम जॉन्सन क्लेग शहरातले नावाजलेले सॉलिसिटर. सॉलिसिटर म्हणजे पक्षकाराला भेटणारा, कागदपत्रं आणि पुरावे जुळवणारा आणि खालच्या न्यायालयात बाजू मांडणारा वकील. वरच्या न्यायालयात झगा घालून उभा राहतो तो बॅरिस्टर, तो वेगळा. हे थोरले क्लेग तीन वेळा शेफिल्डचे मेयर झाले. त्यांची दोन मुलं, चार्ल्स आणि विल्यम, दोघंही सॉलिसिटर झाली आणि दोघंही फुटबॉल खेळली.

थोरले चार्ल्स ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोला झालेल्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात होते. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना तो हाच, निकाल ०-०. दक्षिणेकडच्या बड्या शाळांत शिकलेल्या सहकाऱ्यांनी आपल्याला फारसं जवळ केलं नाही, ही तक्रार चार्ल्स यांनी पुढे बोलून दाखवली. लंडनच्या नजरेत शेफिल्डचा वकीलपुत्रही गावंढळच. शेफिल्डमध्ये मात्र हेच घराणं वरच्या पायरीवर होतं. पुढच्याच सामन्यात, ८ मार्च १८७३ रोजी, लंडनच्या ओव्हलवर विल्यम खेळले आणि इंग्लंडने स्कॉटलंडला ४-२ हरवलं. इंग्लंडकडून खेळलेली ही पहिली भावंडं.

पुढे वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. चार्ल्स खेळाच्या कारभारात शिरले, १८९० पासून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे कार्याध्यक्ष झाले आणि १९२३ पासून मरेपर्यंत अध्यक्ष. दारूला न शिवणारे, जुगाराचे कट्टर विरोधक, शिस्तीला कडक. विल्यम शहराच्या कारभारात शिरले.

खून खटला, बर्फ आणि दहा खेळाडू

विल्यम यांचा दुसरा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना थोडा सविस्तर सांगायला हवा. त्या काळी ‘देशाकडून खेळणं’ म्हणजे काय होतं, ते त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

तारीख १८ जानेवारी १८७९, शनिवार. ओव्हलवर इंग्लंड विरुद्ध वेल्स, या दोन संघांचा पहिलाच सामना. आदल्या दिवशी, शुक्रवारी, शेफिल्डच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चार्ल्स पीस नावाच्या आरोपीची सुनावणी होती. पीस म्हणजे त्या वेळच्या इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला दरोडेखोर. व्हायोलिन वाजवायचा, फोटोच्या चौकटी बनवायचा आणि रात्री घरं फोडायचा. १८७६ च्या नोव्हेंबरमध्ये शेफिल्डच्या बॅनर क्रॉस भागात आर्थर डायसन यांचा खून करून तो पसार झाला, नाव बदलून लंडनमध्ये राहिला आणि १८७८ मध्ये चोरी करताना पकडला गेला. शेफिल्डच्या सुनावणीत त्याचे वकील होते विल्यम क्लेग.

त्या कामात विल्यम इतके अडकले की आदल्या दिवशी लंडनला निघणं जमलं नाही. शनिवारी सकाळी गाडी पकडली, तर वाटेत बर्फ. गाडीला उशीर. ओव्हलवर वेळ झाली तेव्हा इंग्लंडचे दहाच खेळाडू हजर होते. हवामान इतकं वाईट होतं की दोन्ही डाव अर्ध्या-अर्ध्या तासाचेच ठेवायचं ठरलं. इंग्लंडने दहा जणांनिशी सामना सुरू केला आणि विल्यम साधारण वीस मिनिटं उशिरा मैदानात उतरले. इंग्लंड २-१ ने जिंकलं. प्रेक्षक असतील दोनेकशे.

तिकडे पीसची गोष्ट चालूच होती. पुढच्या सुनावणीसाठी २२ जानेवारीला त्याला लंडनहून पुन्हा शेफिल्डला आणत असताना त्याने धावत्या रेल्वेच्या खिडकीतून उडी मारली, जबर जखमी झाला आणि पुन्हा हाती लागला. लीड्सच्या वरच्या न्यायालयात बॅरिस्टर फ्रँक लॉकवुड यांनी त्याची बाजू लढवली, पण २५ फेब्रुवारी १८७९ रोजी त्याला फाशी झाली.

आता विचार करा: आज एखादा क्रिकेटपटू कसोटीला उशिरा आला आणि कारण काय, तर कोर्टात तारीख होती! पण क्लेग यांच्यासाठी हे अगदी सरळ होतं. वकिली हा धंदा, फुटबॉल ही हौस. धंद्याच्या आड हौस आली तर हौसेने थांबायचं.

मग निदान गावात तरी प्रसिद्धी असेलच ना?

होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. १४ ऑक्टोबर १८७८ च्या रात्री शेफिल्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर विजेच्या दिव्यांखाली फुटबॉलचा सामना झाला. दिव्यांच्या उजेडातला हा पहिला फुटबॉल सामना मानतात. एडिसनचा घरगुती बल्ब अजून यायचा होता. इथे होते ते आर्क दिवे: कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची आणि तिच्या झगमगाटाने मैदान उजळायचं. चार कोपऱ्यांत तीस-तीस फूट उंच लाकडी मनोरे, प्रत्येकावर एक दिवा आणि गोलांच्या मागे वीज तयार करणारी यंत्रं.

एका संघाचा कप्तान चार्ल्स क्लेग, दुसऱ्याचा विल्यम. विल्यम यांचा संघ २-० ने जिंकला. तिकीट काढून बाराएक हजार माणसं आत आली आणि एकूण गर्दी वीस हजारांच्या घरात गेली, असं सांगतात. उरलेले आठ हजार कुठून शिरले ते विचारू नका. कुंपणावरून उडी मारणं ही कला कुणा एका देशाची नाही.

पण ही गर्दी बघायला आली होती ती विजेचे दिवे. शिवाय विल्यम नगरपालिकेत निवडून गेले ते आठ वर्षांनी, १८८६ मध्ये. त्यांना उमेदवारी मिळायला कारणं इतर भरपूर होती: शहरात नावाजलेल्या बापाचा मुलगा, चालती वकिली, लिबरल पक्षाचं काम. फुटबॉलमुळे चार लोक जास्त ओळखत असतील, एवढंच. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावी वाचनालय, पतपेढी, शिक्षण संस्था आणि क्रीडा मंडळ या सगळ्यांच्या कार्यकारिणीत फिरून फिरून तीच आठ-दहा नावं दिसतात. त्यातलं एक नाव नगराध्यक्ष झालं, तर तो क्रीडा मंडळामुळे झाला असं कुणी म्हणत नाही. शेफिल्डमध्ये तसंच होतं.

हौशी आणि व्यावसायिक: भांडण पैशाचं की वेळेचं?

त्या काळच्या फुटबॉलमध्ये दोन शब्द सारखे येतात. हौशी खेळाडू म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा आणि व्यावसायिक म्हणजे घेणारा. शाळेत आपल्याला शिकवलं जातं की हौशी म्हणजे खेळावर निर्मळ प्रेम करणारा. ते खरंही असेल. पण निर्मळ प्रेम करायला आधी दुपार मोकळी लागते.

वकील आपली भेट सोमवारी ढकलू शकतो. कारखानदार मुनीमाला सांगून निघू शकतो. भट्टीवरचा माणूस गैरहजर राहिला तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे ‘खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत’ हा नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याची झळ एकालाच लागते. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी द्यावी की नाही, यावर इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले.

पळवाटाही लगेच निघाल्या. १८७६ च्या सुमारास जेम्स लँग नावाचे स्कॉटिश खेळाडू शेफिल्डला वेन्सडेकडून खेळायला आले. क्लबशी संबंधित एका गृहस्थांच्या चाकूच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. नोकरी नावापुरती, दिवसभर पेपर वाचत बसायचे, असं सांगतात. जहाजाच्या गोदीतल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता आणि ते त्यांनी बराच काळ लपवून ठेवलं होतं. जगातल्या पहिल्या काही व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये त्यांचं नाव घेतात. म्हणजे विल्यम क्लेग यांच्याच क्लबात, त्यांच्याच काळात, हौशीपणाच्या भिंतीला भोक पडलेलं होतं.

शेवटी जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. वेन्सडेने १८८७ मध्ये तो मार्ग धरला. त्यानंतर संघांत कामगारांची मुलं भरभरून आली आणि वकील-डॉक्टर हळूहळू मैदानाबाहेर, कमिटीच्या खोलीत सरकले. क्लेग यांच्यासारखा खेळाडू पुढच्या पिढीत इंग्लंडच्या संघात दिसणं कठीण झालं, ते यामुळे.

आता हीच फूटपट्टी घेऊन सभागृहात जाऊ.

नगरपालिका चालायची कशी?

इंग्लंडमधल्या शहरांचा कारभार १८३५ च्या कायद्याने एका साच्यात बसवला. शेफिल्डला त्याप्रमाणे नगरपालिका मिळाली १८४३ मध्ये. साचा असा: शहराचे प्रभाग पाडायचे, प्रभागातून नगरसेवक निवडायचे, मुदत तीन वर्षं, पण दर वर्षी एक-तृतीयांश जागांची निवडणूक. म्हणजे दर नोव्हेंबरला धामधूम ठरलेली.

त्यावर आणखी एक मजला होता, ऑल्डरमन मंडळींचा. दर तीन नगरसेवकांमागे एक ऑल्डरमन. त्यांना लोक निवडत नसत; सभागृहच निवडायचं, आणि मुदत सहा वर्षं. आपल्या स्वीकृत नगरसेवकांसारखंच, फक्त संख्येने बरेच जास्त आणि मताचा पूर्ण हक्क असलेले. परिणाम उघड आहे. लोकांनी एखाद्या वर्षी कौल फिरवला तरी जुने जाणते ऑल्डरमन खुर्चीत असतच. क्लेगही ऑल्डरमन झाले. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी हे पद १९७४ पर्यंत टिकलं.

मत कोणाला? प्रामुख्याने घरपट्टी भरणाऱ्यांना. गंमत म्हणजे १८६९ पासून स्वतःच्या नावाने कर भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना पालिकेच्या निवडणुकीत मत होतं. संसदेसाठी मात्र इंग्लंडमधल्या स्त्रियांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.

आणि पगार? शून्य. नगरसेवकाला मानधन नाही, भत्ता नाही. बैठका बहुधा कामाच्या वेळेत. समित्या, उपसमित्या, जागेची पाहणी, पुन्हा बैठक. पोलाद कारखान्यातल्या कामगाराने हे करायचं म्हटलं, तर आठवड्यातली किती मजुरी सोडावी लागेल? हौशी फुटबॉलची अट आणि विनापगारी राजकारणाची अट एकच होती. दोन्हीकडे दार उघडं होतं आणि दोन्हीकडे उंबरठ्यावर तोच प्रश्न विचारला जायचा: दुपारी मोकळे आहात का?

लॉर्ड मेयर म्हणजे शहराचा मालक का?

नाही. मेयर वर्षभरासाठी, सभागृहाने निवडलेला. सभा चालवायची, उद्घाटनं करायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं. आपल्या महापौरांबद्दल ‘मान मोठा, अधिकार थोडे’ असं म्हणतात, तसंच. खरा कारभार समित्यांचे प्रमुख आणि बहुमतातल्या पक्षाचा नेता यांच्या हाती. काही मोठ्या शहरांच्या मेयरला राजाकडून ‘लॉर्ड मेयर’ हा जास्तीचा किताब मिळतो. शेफिल्डला तो १८९७ मध्ये मिळाला आणि पहिले लॉर्ड मेयर झाले ड्यूक ऑफ नॉरफोक, म्हणजे शहरातले बडे जमीनदार. १८९८ मध्ये त्या खुर्चीवर विल्यम क्लेग आले.

ते वर्ष शहरासाठी गजबजलेलं होतं. २ सप्टेंबर १८९९ रोजी वेन्सडेने आउलर्टन इथल्या नव्या मैदानावर पहिला सामना खेळला. जुनं मैदान रेल्वेच्या विस्तारात गेलं होतं. समोर चेस्टरफील्डचा संघ, आणि पहिली लाथ मारून सामना सुरू करायचा मान लॉर्ड मेयरना, जे स्वतः वेन्सडेचे जुने खेळाडू. वेन्सडे ५-१ ने जिंकला. हेच मैदान पुढे हिल्सबरो म्हणून जगाला माहीत झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, शहरात विजेची ट्राम धावू लागली.

ट्राम महत्त्वाची आहे, कारण ती पालिकेची होती. आधी खाजगी कंपनीकडे असलेला घोड्यांच्या ट्रामचा धंदा शहराने १८९६ मध्ये ताब्यात घेतला. पाणीपुरवठा त्याआधीच, १८८७ च्या कायद्याने, पालिकेकडे आला होता. त्याला एक काळी पार्श्वभूमी होती: ११ मार्च १८६४ च्या रात्री पाणी कंपनीचं डेल डाइक धरण फुटलं आणि सुमारे २४० माणसं बुडाली. विजेचा पुरवठाही १८९८ मध्ये पालिकेने घेतला. याचं सगळं श्रेय एकट्या क्लेग यांना देणं चूक ठरेल. पण हे सगळं घडलं ते सभागृह त्यांचं होतं. ज्यांना पगार नव्हता अशा मंडळींनी पाणी, वीज, ट्राम खाजगी कंपन्यांकडून काढून शहराच्या मालकीची केली. ‘पैसेवाल्यांचं सभागृह म्हणजे पैसेवाल्यांच्याच सोयीचं’ असं झटकन म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट थोडी अडचणीची आहे. अर्थात स्वस्त वीज आणि वेळेवर पोचणारा कामगार कारखानदारालाही हवाच होता.

क्लेग यांना १९०६ मध्ये सर ही पदवी मिळाली. लिबरल गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे बराच काळ राहिलं.

मग हे संपलं कसं?

वेळेची अट दोन बाजूंनी ढिली होत गेली. फुटबॉलमध्ये पगार १८८५ मध्येच आला होता. १९०१ मध्ये त्यावर आठवड्याला कमाल चार पौंडांची मर्यादा घातली गेली, हा भाग निराळा. राजकारणात, संसदेच्या सदस्यांना १९११ पासून वर्षाला ४०० पौंड मिळू लागले. नगरसेवकांना तेही नाही. पण कामगार संघटना मजबूत झाल्या आणि त्यांच्या बळावर मजूर पक्षाचे उमेदवार प्रभागाप्रभागांत उभे राहू लागले. पहिल्या महायुद्धानंतर मतदारही वाढले.

शेफिल्डमध्ये याचा परिणाम असा झाला की जुने वैरी एकत्र आले. लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांनी १९२० मध्ये मजूर पक्षाला रोखायला एक शहर आघाडी उभारली आणि तिच्या आघाडीवर होते सर विल्यम क्लेग. आघाडी टिकली सहा वर्षं. १९२६ च्या मे महिन्यात देशभर सार्वत्रिक संप झाला, खाणकामगारांचा लढा तर नोव्हेंबरपर्यंत चालला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये शेफिल्डच्या निवडणुकीत मजूर पक्षाला बहुमत मिळालं. इंग्लंडच्या मोठ्या शहरांत असं पहिल्यांदाच घडत होतं. नवे नेते अर्नेस्ट रोलिन्सन. क्लेग तेव्हा ७४ वर्षांचे होते. सहा वर्षांनी, ऑगस्ट १९३२ मध्ये, ते गेले.

ही फक्त इंग्लंडची गोष्ट आहे का?

नाही, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा समुद्रापलीकडे नेदरलँड्समध्ये आहे. तिथे पिम मुलियर यांनी १८७९ मध्ये हार्लेम इथे पहिला क्लब काढला. खेळ इंग्लंडकडून घेतला, पण इंग्लंडने १८८५ मध्ये उघडलेलं पैशाचं दार डचांनी १९५४ पर्यंत बंद ठेवलं. म्हणून क्लेग यांच्यासारखी आयुष्यं तिथे बराच काळ दिसत राहतात. विलेम हेसेलिंक विटेस या क्लबकडून खेळले, म्युनिकला रसायनशास्त्र शिकताना तिथल्या बायर्न क्लबकडून खेळले आणि पुढे रसायनतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. राष्ट्रीय संघातले डॉल्फ केसलर पुढे होखोव्हन्स या पोलाद कारखान्याचे प्रमुख. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या संघातले लू ओटन डॉक्टर झाले, जावा बेटावर बांडुंगच्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले आणि तिथे त्यांनी प्लेगवर लस तयार केली. मुंबईत १८९७ मध्ये हाफकिन यांनी मारलेल्या जंतूंची लस टोचायला सुरुवात केली होती; ओटन यांची लस जिवंत पण दुबळ्या जंतूंची होती.

डच राजकारणात एक वेगळेपण आहे. तिथला मेयर लोक निवडत नाहीत, तो सरकारकडून नेमला जातो. निवडून येते ती नगरसभा. तरीही जुन्या काळी तिथेही खेळाडू, डॉक्टर, कारखानदार आणि शहराचे कारभारी एकाच थरातून येत.

दार उघडलं ते एका पुरामुळे. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचं पाणी शिरून नेदरलँड्समध्ये अठराशेहून जास्त माणसं मेली. १२ मार्चला पॅरिसमध्ये पूरग्रस्तांच्या मदतीसाठी सामना झाला. परदेशात पैसे घेऊन खेळतात म्हणून राष्ट्रीय संघाबाहेर ठेवलेल्या डच खेळाडूंनी फ्रान्सला २-१ ने हरवलं. घरचे हौशी हरत होते आणि ‘भाडोत्री’ म्हणून हिणवलेले जिंकत होते, हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी नियम बदलला.

आजचा खेळाडू खासदार आणि क्लेग, यात चांगलं कोण?

हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर क्लेग यांच्या बाजूने द्यायचा मोह होतो. चाळीस वर्षं समित्यांत बसलेला माणूस, एका निवडणुकीपुरता आलेला नव्हे. पण त्यांच्या सभागृहात भट्टीवरचा कामगार जवळपास नव्हता, हे त्या तुलनेत मोजायला हवं. युसूफ पठाण यांचे वडील मशिदीत काम करत आणि कुटुंब तिथेच राहत असे. क्लेग यांच्या काळात अशा घरातल्या मुलाला आधी खेळायलाच वेळ मिळाला नसता, सभागृह तर दूरच. क्रिकेटच्या पैशाने आणि प्रसिद्धीने तो रस्ता उघडला. उघडलेल्या रस्त्यावरून आलेला माणूस सभागृहात किती वेळ बसतो, हे मात्र मतदारांनी हजेरीपटावर बघून घ्यावं.

इंग्लंडमध्ये नगरसेवकाला बुडालेल्या कमाईची भरपाई मागायची सोय १९४८ च्या कायद्याने झाली. फुटबॉलपटूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली १९६१ मध्ये.